पुलावरचा पाठमोरा माणूस

खरं सांगायचं तर आमच्या संग्रहालयात काही बघायला म्हणून कुणी येत नाही. सात रस्ता चौकातल्या उन्हातून चालून जीव मेटाकुटीला आला की माणसं जिना चढून वर येतात, कोपऱ्यातल्या रांजणातलं पाणी पितात आणि पंख्याखाली टेकतात. मी ‘बघायचं असेल तर बघा, नाहीतर खाली व्हा’ असं म्हटलं की उगीच मगरीपुढं घटकाभर उभी राहतात. भुसा भरलेली मगर आहे आमच्याकडं. तिच्या पोटातून भुसा सांडतो आणि तो रोज मीच झाडते, कारण शिपाई सोडून गेला आणि दुसरा नेमायला ट्रस्टी मंडळींना सवड नाही. कागदावर मी संग्रहपाल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसं माझ्या हाती केरसुणी.

माझं नाव जगदेवी. वय मला विचारू नका, माझ्या गुडघ्यांना विचारा. खाली वाचनालय आहे आणि वर आम्ही, म्हणजे मी, मगर, चार गंजक्या तलवारी, जुनी नाणी, इरकली लुगडी आणि ते जपानी चित्र. घरी आमचे हे असतात. गिरणीतून कमी केल्यापासून ते खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडं बघतात. मी सकाळी डबा घेऊन निघते तेव्हा त्या खुर्चीत, संध्याकाळी येते तेव्हाही त्याच खुर्चीत. बोलत नाहीत, भांडत नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान घरात माणूस आहे असं तरी वाटलं असतं. तर ते असो.

चित्राचं सांगते. एका गिरणीतले विणाई मास्तर लढाईच्या आधी माग बघायला जपानला गेले होते. सगळे येताना घड्याळं आणि रेशमी रुमाल घेऊन आले आणि हे मास्तर एक कागद गुंडाळून घेऊन आले. ते वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी तो आम्हाला दिला. दीड वीत लांबीचं चित्र. हातानं रंगवलेलं नाही, छापलेलं आहे. लाकडाच्या फळीवर कोरायचं, एकेका रंगाची वेगळी फळी करायची आणि कापडावर ठसे मारतात तसं एकावर एक कागदावर उमटवायचं. निळा डोंगर, खाली नदी, नदीवर लाकडी पूल आणि वरून तिरपा पाऊस, केसासारख्या बारीक रेघांचा. पुलावर एकच माणूस, नखाएवढा. डोक्यावरून गवताची चटई पांघरलेला, वाकलेला, पाठमोरा.

मुंबईचे एक तज्ज्ञ साहेब येऊन बजावून गेले होते की उजेडानं ह्यातला निळा रंग उडतो, तेव्हा जपा. जपा म्हणून सांगायला कुणाचं काय जातंय. मी घरातला खणाचा तुकडा आणून त्याला पडदा शिवला. दोरी ओढली की सरकतो. त्याचा परिणाम एवढाच झाला की खेड्यातली माणसं आत देव आहे समजून चपला काढायला लागली.

चिमाबाईनंही काढल्या होत्या. ऐन उन्हाळ्यात आली ती. मंगळवेढ्याकडची धनगराची बाई, तिशीतली, हातभर हिरवा चुडा, कपाळाला ठसठशीत कुंकू. सासूला मोठ्या दवाखान्यात डोळ्याच्या ऑपरेशनला आणलं होतं आणि तिथल्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून कुणीतरी आमचा रांजण दाखवला. पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं आणि पडद्याकडं बघितलं.

“देव बगू का, बाई?”

“देव नाही तो. चित्र आहे.”

“मग झाकलंय कशापायी?”

ह्याचं उत्तर देण्यापेक्षा दोरी ओढणं सोपं होतं. मी ओढली. ती जवळ गेली, मग मागं सरली आणि तिथंच फरशीवर बसली.

“खोळ हाय,” ती म्हणाली.

धनगर माणूस पावसात घोंगडी दुमडून तिचं टोपरं करतो आणि डोक्यावरून पाठीवर सोडतो, त्याला खोळ म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, “खोळ नाही, गवताची चटई आहे ती.”

“खोळ मी वळखत न्हाय व्हय? आन खांदा बगा की डावा. वजं घिऊन घिऊन खाली आलाय.” मग ती म्हणाली, “आमचं मालक असंच जायाचं.”

मी पडदा ओढून घेतला. माझी जेवायची वेळ झाली होती.

त्यानंतर ती येतच राहिली. सासूच्या डोळ्यात औषध घालायला नाहीतर डोळा दाखवायला म्हणून एसटीनं यायची, म्हातारीला दवाखान्याच्या झाडाखाली बसवायची आणि आमचा जिना चढायची. वर आली की बाकावर बसून चित्राकडं बघत राहायची. मी चिडायचे. रंग उडतो म्हणून सांगायचे, झालं का म्हणून विचारायचे. ती “व्हय व्हय” म्हणायची आणि हलायची नाही. शेवटी मीच तिच्या शेजारी टेकायचे, कारण उभं राहून चिडणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही.

अशी बसून बसून तिची कहाणी मला कळली. बाहत्तरच्या दुष्काळात तिचा नवरा, धोंडीराम, धनगरवाड्यावरच्या इतर माणसांबरोबर मेंढरं घेऊन कराडच्या बाजूला गेला. इकडं प्यायलाही पाणी नव्हतं. पुढच्या साली सगळे परत आले. मेंढरं आली, कुत्रं आलं, हा आला नाही. नदीकाठी एका सकाळी त्यानं आपली मेंढरं सोबत्याच्या हवाली केली, ‘आलोच’ म्हणाला आणि गेला. पाऊस होता, अंगावर खोळ होती, बस्स, एवढंच सोबत्याला सांगता आलं. का गेला ते कुणालाच ठाऊक नाही. भांडण नव्हतं, पोराबाळांचा प्रश्न नव्हता, कारण पोरं झालीच नव्हती. नवऱ्याचं नाव ती घ्यायची नाही. ते मला नंतर तिच्या दिराकडून कळलं.

“माझ्या घरातला बसल्या जागी गेलाय,” मी एकदा बोलून गेले. मग तिनं फडक्यातून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि आम्ही दोघी शेंगा खात बसलो. टरफलं मगरीच्या भुशाबरोबर मीच झाडली.

खरी गोष्ट मात्र तिनं पावसाळा सरल्यावर सांगितली. मंगळवेढ्याजवळच्या वाडीत ज्ञानबा म्हणून एक बिजवर होता. बायको सापानं गेली. तो चिमाबाईशी पाट लावायला तयार होता. त्यांच्यात बाईचा दुसऱ्यांदा पाट लागतो, त्यात काही वावगं मानत नाहीत. पण बाई एकतर विधवा हवी, नाहीतर पहिल्या नवऱ्यानं पंचांसमोर काडी मोडून तिला मोकळं केलेलं हवं. चिमाबाई धड इकडं ना तिकडं. मढं नाही म्हणून विधवा नाही, नवरा समोर नाही म्हणून काडीमोड नाही. थोरला दीर तात्याबा तर म्हणायचा, माझा भाऊ येणार आहे, कुंकू पुसायचं नाव काढायचं नाही.

“कसा आहे गं तो ज्ञानबा?” मी विचारलं.

“बरा हाय. सांजच्याला घरी येतो म्हनं.”

दुसरं काही तिनं सांगितलं नाही, आणि मला दुसरं काही विचारावंसंही वाटलं नाही.

पंचांमध्ये धुळाप्पा म्हणून म्हातारा होता, त्याला तिची दया आली. तो म्हणाला, मालक नसला तर त्याची निशाणी आण, तिच्यासमोर काडी मोडू. मुंडासं, काठी, फोटो, काहीही चालेल.

“मुंडासं डोक्यावर, काठी हातात, जोडं पायात,” चिमाबाई म्हणाली. “जाताना समदं संगं घिऊन गेला. फोटू तर आमी जल्मात काडला न्हाय.” मग पदर नीट करत तिनं माझ्याकडं बघितलं. “बाई, ह्ये चित्तर दोन दिस द्या की.”

मी अशी भडकले की विचारू नका. म्हटलं, “शेंगा खायला बसू दिलं तर डोक्यावर बसलीस होय गं? हे काय माझ्या बापाचं आहे द्यायला? आणि ऐक, हा माणूस जपानातला आहे. समुद्रापलीकडचा. शंभर वर्षं होऊन गेली असतील. तो मेला, काढणारा मेला, आणणारे मास्तरही गेले. हा तुझा नवरा नाही, चिमाबाई. डोक्यातून काढून टाक ते.”

ती शांतपणे म्हणाली, “मला ठावं न्हाय व्हय? आमचं मालक ह्येच्यापरीस उंच. आन पूल दिसला तरी पुलावरनं जायाचं न्हाईत कदी, पान्यातनंच जायाचं. मी काय खुळी हाय, बाई?”

इतके महिने मी तिला भोळी समजून मनात हळहळत होते. आपण किती सोशीक, खुळ्या बाईला दरवेळी पडदा उघडून देतो, असं स्वतःचं कौतुकही करत होते.

“मग गं?” मी म्हटलं.

“पंचास्नी कुटं ठावं हाय? खोळ बगतील, पाठ बगतील, हाय त्योच म्हनतील. पाठमोरी गडीमान्सं समदी सारकीच दिसत्यात. मला मोकळं व्हायाचंय, बाई. दमले मी वाट बगून.”

त्या ‘दमले’वर माझा राग उतरला. हा शब्द मी दिवसातून दहादा म्हणते, पण तिनं म्हटला तेव्हा त्याला वजन होतं. तरी मी मान हलवली. चित्र दाराबाहेर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी मीही गेले असते.

“मग पंचास्नी हितं आनते,” ती म्हणाली.

“इथं? संग्रहालयात काडीमोड?”

“त्यात काय. मगर हाय की साक्षीला.”

मला हसू आलं. लई दिवसांनी आलं. खरं म्हणजे मी तेव्हाच ठणकावून नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, आणि ते माझ्यात उरलं नव्हतं. म्हटलं, सोमवारी आण, सोमवारी आम्ही बंद असतो.

त्या सोमवारी मी आमच्या ह्यांना सांगितलं की कामावर जाऊन येते. आज सोमवार ना, असं त्यांनी विचारलं नाही. मी किल्ली घेऊन निघाले.

ती मंडळी आधीच जिन्याशी उभी होती. धुळाप्पा, वाळलेल्या बाभळीसारखा म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याच्याबरोबर आणखी दोन म्हातारे पंच, जे शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पंचांचा शब्द मोडवेना म्हणून आलेला तात्याबा, उंच, मिशा पांढऱ्या, खांद्यावर घोंगडी. आणि सगळ्यांच्या मागं चिमाबाई, थोरला दीर समोर म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला. रस्त्याच्या पलीकडं पानपट्टीच्या सावलीत एक माणूस छत्री धरून उभा होता. तो ज्ञानबा. तो वर आला नाही, आणि त्याला कुणी ये म्हटलंही नाही.

वर आल्यावर सगळे पाणी प्यायले. मी दोरी ओढली.

धुळाप्पा पुढं झाला आणि काचेला नाक लागेपर्यंत वाकला. असा तो बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला, “खोळ हाय.”

“फोटू न्हाय ह्यो,” तात्याबा म्हणाला. “रंगानं केलंय. कुनाचं बी आसंल.” आणि तो माझ्याकडं वळला. “बाईसाहेब, तुमी शिकल्यासवरल्या. खरं सांगा, ह्यो मानूस कोन हाय?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले, चिमाबाई सोडून. ती फरशीकडं बघत होती. जपानचं नाव काढलं की संपलं, ही पुन्हा त्याच मेंढरांमागं. आणि खोटं बोलावं तर मी लिंगायत घरची, गळ्यात लिंग बांधलेलं, माझ्या तोंडून खोटं निघेना. शेवटी जे खरं होतं तेवढंच बोलले.

“कोण आहे ते मला ठाऊक नाही. कुठं लिहिलेलंही नाही. ज्यानं हे केलं, त्यानं पावसात जाणारा माणूस डोळ्यांनी बघितला असणार, एवढं नक्की. बघितल्याशिवाय अशी पाठ काढता येत नाही.”

“कुटं बगितला?”

“लांब,” मी म्हटलं. “फार लांब.”

तात्याबा विचारात पडला. मला वाटलं, निभावलं. पण त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून एक पुरचुंडी काढली. आत हळदीचा पिवळाधमक भंडारा होता.

“मग हिनंच सांगावं,” तो म्हणाला. “बिरोबाचा भंडारा हातात घिऊन सांगावं. आमी मान्य करू.”

हे काही ठरलेलं नव्हतं. धनगराच्या जातीत भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. मान कापली तरी बोलत नाही. पंचांना चित्रातली पाठ दाखवून फसवता येतं, बिरोबाला कुठून फसवणार? मला वाटलं, झालं. एवढे एसटीचे हेलपाटे, एवढी आशा, सगळं पाण्यात. मला त्या तात्याबाचा असा राग आला की त्याची घोंगडी ओढून त्याला जिन्यावरून खाली ढकलावं. फुकटची राबणारी बाई हातची जाईल म्हणून हा माणूस देवाला मध्ये आणतोय, असं मला वाटलं.

चिमाबाईनं ओंजळ पुढं केली. त्यानं तिच्यात भंडारा ओतला. ती चित्रासमोर गेली आणि उभी राहिली. पदर मागं सरकला, पण तिला भान नव्हतं. थोरल्या दिरापुढं ती आजवर कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

“बायकू मागं ठिऊन जो म्होरं गेला, आन येकदा बी मागं वळून बगितलं न्हाय, त्यो माजा नवरा. बिरोबाची आन.”

तिनं भंडाऱ्याची ओंजळ चित्राकडं केली.

“ह्यो बी मागं बगत न्हाय,” ती म्हणाली. “तुमीच बगा.”

धुळाप्पानं तिच्याकडं बघितलं. त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना किती दिसत होतं देव जाणे, पण तिनं काय केलं ते त्याला कळलं होतं. तो तात्याबाला म्हणाला, “हिनं खोटं सांगितलं का?”

तात्याबा खाली बघत म्हणाला, “न्हाय.”

“मग काडी घे.”

धुळाप्पानं मुंडाशात खोवलेली ज्वारीच्या कडब्याची काडी काढून त्याच्या हातात दिली. धाकट्याच्या वतीनं थोरल्यानं मोडायची, असं ठरलं होतं. तात्याबानं ती दोन्ही हातांत धरली आणि तसाच उभा राहिला. त्याचे हात मोठे होते. मेंढरू एका हातानं उचलणारे हात, पण त्यांना ती काडी मोडेना.

“मोड, तात्याबा.”

“आई आजून त्येच्या नावाची भाकरी बाजूला काडती,” तो म्हणाला. “रोज. डोळ्याचं काम कशापायी केलं तिनं? त्यो आल्यावर दिसावा म्हनून. आन मी ही मोडली म्हंजी त्यो आमचा बी ऱ्हायला न्हाय. घरी जाऊन तिला काय सांगू मी?” असं म्हणताना त्याच्या मिशीवरून पाणी ओघळलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

मला माझीच लाज वाटली. मी त्याला लबाड समजून बसले होते. त्या घरात प्रत्येकजण आपापल्या दारात बसून त्याच एका माणसाची वाट बघत होता आणि ते कुणी एकमेकांना सांगत नव्हतं.

चिमाबाई त्याच्यासमोर आली. ओंजळीतला भंडारा तिनं त्याच्या कपाळाला लावला, उरलेला स्वतःच्या. “मोडा,” ती म्हणाली. “तुमी बी दमलासा.”

त्यानं काडी मोडली. आवाज एवढासा झाला. मोडलेले दोन तुकडे धुळाप्पानं चित्राखाली फरशीवर ठेवले आणि ते दोघे गप्प म्हातारे एकदम खोकले. झालं, एवढंच. आमच्या शेजारणीचा कोर्टातला खटला पोरगी लग्नाला आली तरी चालू आहे, आणि इथं एका काडीत संपलं. त्यांना सोपं गेलं असं मात्र कुणी म्हणू नये. मी तिथं होते.

चिमाबाईनं पदर डोक्यावरून घेतला आणि चित्राकडं बघितलं. तिला पक्कं ठाऊक होतं की हा तो नाही. मला तिनंच सांगितलं होतं. तरी ती त्याच्याशी बोलली, गावाला निघालेल्या माणसाशी दारात उभं राहून बोलावं तसं.

“जावा आता तुमी,” ती म्हणाली. “मी बी जाते.”

आणि ती वळून जिना उतरली. माझा निरोपही घेतला नाही तिनं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. खिडकीतून मी बघितलं. तिनं रस्ता ओलांडला, त्या माणसानं छत्री थोडी तिच्या बाजूला धरली आणि दोघं एसटी स्टँडच्या दिशेनं गेली. ती पुढं, तो मागं. मग मला रडू आलं. कशाचं ते सांगता येणार नाही, पण आलं, आणि मी ते पदरानं पुसून टाकलं, कारण खोलीत अजून माणूस होता.

म्हातारे खाली गेले होते. तात्याबा तेवढा बाकावर बसला होता. मी दोरीला हात घातला तसा तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की जरा.”

मी राहू दिलं. एवढ्यात कुठला रंग उडतोय. तो गुडघ्यांवर हात ठेवून त्या पुलाकडं बघत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “बाईसाहेब, ह्या पुलाच्या पल्याड गाव हाय का वो?”

इतकी वर्षं मी त्या चित्राची धूळ पुसत आले, पण पुलाच्या पलीकडं काय आहे हे कधी धड बघितलं नव्हतं. मी चष्मा लावून जवळ गेले. डोंगराच्या पायथ्याला, पावसाच्या रेघांच्या मागं, पुसटशी दोन-तीन छपरं होती.

“आहे,” मी म्हटलं. “घरं आहेत.”

“लांब हायती?”

“नाहीत फार लांब.”

तात्याबानं मान हलवली. “मग पोचला आसंल,” तो म्हणाला आणि घोंगडी खांद्यावर टाकून उठला. “आईला सांगतो, पोचला म्हनून.”